घटस्फोटाचा हुकूमनामा : कुठे शोधावा, कोणी मागावा

या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये एक अडचण वारंवार दिसते. घटस्फोट होऊन वर्षे उलटली, पण तो झाल्याचा कागद घरात सापडत नाही; आणि पासपोर्ट, पुनर्विवाह, निवृत्तिवेतन किंवा घराची विक्री अशा एखाद्या कामासाठी तो अचानक मागितला जातो. अशा पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. विषय खासगी असल्यामुळे पत्रलेखकांची नावे व ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझा परस्परसंमतीचा घटस्फोट २००७ साली पुण्यातील कौटुंबिक न्यायालयात झाला. घर बदलताना सगळी फाईल गहाळ झाली. आमचे वकील आता हयात नाहीत आणि अर्जाचा क्रमांक मला आठवत नाही. पूर्वीच्या पतीशी संपर्क ठेवण्याची माझी इच्छा नाही. आता पुनर्विवाह ठरला असून विवाह नोंदणी अधिकारी घटस्फोटाचा दाखला मागत आहेत. तो महापालिकेत मिळेल का?
— एक वाचक भगिनी, सिंहगड रस्ता

उत्तर : महापालिकेत मिळणार नाही. विवाहनोंदणीचा दाखला क्षेत्रीय कार्यालयातून मिळतो, म्हणून घटस्फोटाचाही तिथेच मिळत असेल असे पुष्कळांना वाटते. परंतु 'घटस्फोटाचा दाखला' नावाचा स्वतंत्र कागद आपल्याकडे कोणतेही कार्यालय देत नाही. ज्या न्यायालयाने विवाह संपुष्टात आणला, त्याच न्यायालयाचा हुकूमनामा हा घटस्फोटाचा पुरावा असतो आणि त्याची प्रमाणित प्रत, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या भाषेतली 'नक्कल', दिली की नोंदणी अधिकाऱ्यांची मागणी पूर्ण होते. तुमचा घटस्फोट कौटुंबिक न्यायालयात झालेला असल्यामुळे अर्ज शिवाजीनगर येथील कौटुंबिक न्यायालयातच करावा लागेल. तिथली इमारत तुमच्या प्रकरणानंतरची, २०१७ सालची आहे. तरीही जुने अभिलेख त्याच न्यायालयाचे असल्याने इमारत बदलल्याची काळजी करू नये.

खरी अडचण क्रमांकाची आहे. नक्कल अर्जात पक्षकारांची नावे, अर्जाचा क्रमांक व वर्ष आणि निकालाची तारीख लिहावी लागते, आणि क्रमांक अचूक असेल तर अभिलेख कक्षातून फाईल काढणे सोपे जाते. महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांत अर्जाच्या प्रकारानुसार इंग्रजी अक्षर लावण्याची पद्धत आहे. एका बाजूने केलेला घटस्फोटाचा अर्ज 'पिटिशन ए' म्हणून ओळखला जातो, तर परस्परसंमतीचा 'पिटिशन एफ' म्हणून. तुमचा अर्ज 'एफ' या प्रकारात असणार, एवढे समजले तरी शोध बराच आटोक्यात येतो.

न्यायालयात जाण्यापूर्वी घरबसल्या दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे, हा कागद आजवर आपण कुठे कुठे दिला होता ते शांतपणे आठवावे. घटस्फोटानंतर पासपोर्ट, बँकखाते, भविष्यनिर्वाह निधीचे नामनिर्देशन किंवा मुलांचा शाळाप्रवेश यांपैकी कशासाठी तरी झेरॉक्स जोडलेली असते, आणि त्या झेरॉक्सच्या माथ्यावर क्रमांक असतो. न्यायालयाची एखादी जुनी नोटीस किंवा पोटगीच्या रकमेची पावती असेल, तर तिच्यावरही तो सापडू शकतो. वकिलांच्या निधनानंतर त्यांच्या फायली बहुधा कनिष्ठ सहकाऱ्याकडे किंवा घरच्यांकडे असतात. तिथेही विचारून पाहावे.

दुसरी गोष्ट म्हणजे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर पक्षकाराच्या नावाने शोध घेणे. नावाची किमान तीन अक्षरे आणि नोंदणीचे वर्ष द्यावे लागते, आणि प्रलंबित व निकाली यांपैकी 'निकाली' हा पर्याय निवडावा लागतो. इथे पुष्कळ जण निष्कारण निराश होतात. जुन्या प्रकरणांची नावे इंग्रजीत टंकलेली असून प्रत्येकाने आपापल्या कानाप्रमाणे स्पेलिंग केलेले असते. देशपांडे या नावाच्या अखेरीस 'ई' असेल किंवा 'ई' आणि 'वाय' असेल; जोशींच्या शेवटी एक 'आय' असेल किंवा दोन 'ई'. म्हणून पूर्ण नाव न देता आडनावाची पहिली चार-पाच अक्षरेच द्यावीत, आणि आपल्या नावाने काही मिळाले नाही तर पूर्वीच्या पतीच्या नावाने पाहावे, कारण संमतीच्या अर्जात दोघेही अर्जदार असले तरी नोंदीत आधी कोणाचे नाव घेतले आहे हे सांगता येत नाही. अर्ज ज्या वर्षी दाखल झाला ते वर्ष द्यावे, निकालाचे नव्हे. संमतीच्या अर्जात दाखल करण्याची तारीख आणि हुकूमनामा यांत कायद्याने किमान सहा महिन्यांचे अंतर ठेवलेले आहे. त्यामुळे २००७ चा निकाल २००६ च्या अर्जावरचा असणे अगदी शक्य आहे. नोंद सापडली की सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा सोळा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक, दिसतो. तो ताबडतोब लिहून ठेवावा. पुढची सगळी चौकशी त्या एका क्रमांकावर होते. मात्र निकालपत्र संकेतस्थळावर दिसेलच असे धरून चालू नये, आणि दिसले तरी तिथून उतरवून घेतलेली प्रत ही प्रमाणित प्रत नव्हे.

दोन्ही मार्गांनी क्रमांक मिळाला नाही, तर नावे आणि वर्ष देऊन न्यायालयाच्या नोंदवहीतून शोध घेण्याची लेखी विनंती करता येते. तुम्ही स्वतः पक्षकार आहात. हा अभिलेख तुमचा आहे आणि तो मागताना कोणतेही कारण पटवून देण्याची गरज नाही. कौटुंबिक न्यायालयात वकिलाशिवाय स्वतः उभे राहण्याची मुभा कायद्यानेच दिलेली असल्यामुळे नक्कल अर्जही स्वतः करता येतो. अर्जाला न्यायालय शुल्काचे तिकीट लावून आधार कार्ड किंवा अन्य ओळखपत्राची प्रत जोडावी, आणि घटस्फोटानंतर माहेरचे आडनाव पुन्हा घेतले असेल तर नावबदलाचे राजपत्र किंवा दोन्ही नावे दाखवणारा दुसरा कागदही जोडावा. हुकूमनाम्यात तुमचे सासरचे नाव असेल, ओळखपत्रावर माहेरचे. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला या दोन नावांची स्त्री एकच आहे हे कागदावरून दिसले पाहिजे.

अर्जात काय मागायचे, हे मी आग्रहाने सांगते. नुसते 'घटस्फोटाचे पेपर' असे लिहू नये. न्यायनिर्णय आणि हुकूमनामा या दोहोंची नक्कल मागावी. न्यायनिर्णयात कारणमीमांसा असते आणि हुकूमनाम्यात विवाह कोणत्या तारखेपासून संपुष्टात आला याचा नेमका आदेश असतो. त्याबरोबर दोघांनी सही केलेल्या समझोत्याच्या अटींचीही नक्कल घ्यावी. मुलांचा ताबा, भेटीचे दिवस, पोटगीची एकरकमी रक्कम, स्त्रीधन आणि घराचा हक्क हे सारे त्या अटींमध्ये असते, आणि पुढे कधी वाद उद्भवला तर हुकूमनाम्याच्या एका पानापेक्षा त्याच कागदाचा आधार अधिक लागतो. प्रत्येकी दोन संच मागितले तर उत्तम.

निकाली फाईल अभिलेख कक्षातून आणून, पाने मोजून, पानागणिक शुल्क भरून घेऊन नक्कल तयार होते. म्हणून ती त्याच दिवशी हाती पडत नाही. तातडीने हवी असल्यास तसे अर्जात लिहून जादा शुल्क भरण्याची सोय असते. नक्कल घेताना खिडकीपासून दूर जाण्याआधी ती उलटून पाहावी. अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि नक्कल दिल्याची अशा तीन तारखा, 'खरी नक्कल' असा शेरा, अधिकाऱ्याची सही आणि न्यायालयाचा गोल शिक्का हे सर्व तिच्यावर आहे ना, आणि प्रत्येक पानावर शिक्का उमटला आहे ना, हे तपासावे. एका पानावरचा शिक्का राहिला म्हणून अख्खा संच परत आलेला मी पाहिला आहे.

अलीकडेच ज्यांचा निकाल लागला आहे अशा वाचकांसाठी येथेच सांगून ठेवते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ च्या चौथ्या पोटकलमानुसार घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर न्यायालयाने त्याची एक प्रत पती आणि पत्नी या दोघांनाही विनामूल्य द्यायची असते. पुष्कळदा ती वकिलांच्या फाईलमध्येच राहते. ती मागून घ्यावी, आणि ज्यांना शुल्क किंवा वकील परवडत नाही अशा स्त्रियांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांचा पहिल्या पत्नीशी १९८४ मध्ये पुण्यात घटस्फोट झाला आणि त्यानंतर त्यांनी माझ्या आईशी विवाह केला. वडील गेल्या वर्षी वारले. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी कार्यालय आईकडे पहिल्या विवाहाच्या घटस्फोटाचा पुरावा मागत आहे. कौटुंबिक न्यायालयात चौकशी केली तर तिथे नोंद नाही असे सांगितले. आई फार खचून गेली आहे. काय करावे?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : कौटुंबिक न्यायालयात नोंद नाही याचा अर्थ घटस्फोट झालाच नाही, असा मुळीच नव्हे, हे आईंना आधी सांगा. पुण्यात कौटुंबिक न्यायालय सुरू झाले १९८९ मध्ये. त्यावेळी जी प्रकरणे चालू होती ती तिकडे वर्ग झाली. परंतु १९८४ मध्ये निकाली निघालेले प्रकरण तोवर केव्हाच अभिलेख कक्षात गेलेले होते. ते शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात, म्हणजे जिल्हा न्यायालय किंवा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांचे न्यायालय यांच्या अभिलेखात शोधले पाहिजे. त्या काळी अशा अर्जांची नोंद हिंदू विवाह अर्ज या नावाने स्वतंत्र क्रमांकाने होत असे. इतक्या जुन्या प्रकरणाची नोंद संगणकावर सापडण्याचा भरवसा नाही; हस्तलिखित नोंदवहीतच ती पाहावी लागेल, म्हणून वडिलांचे व त्यांच्या पहिल्या पत्नीचे विवाहातील पूर्ण नाव आणि शक्य तेवढे नेमके वर्ष घेऊन जावे.

घटस्फोट पुण्यातच झाला, ही घरात ऐकलेली गोष्ट असेल तर तीही तपासून पाहावी. विवाह जिथे लागला, पती-पत्नी शेवटी जिथे एकत्र राहिले, किंवा ज्याच्याविरुद्ध अर्ज करायचा ती व्यक्ती जिथे राहते, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करता येत असे. पत्नीला स्वतःच्या राहत्या ठिकाणी अर्ज करण्याची मुभा २००३ च्या दुरुस्तीने मिळाली. तेव्हा १९८४ साठी पहिल्या तीन शक्यतांचाच विचार करावा. विवाह साताऱ्यात लागलेला असेल तर साताऱ्याचे न्यायालय, आणि बिऱ्हाड बारामतीला असेल तर त्या भागातील वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालय, असाही शोध घ्यावा लागेल.

आई त्या प्रकरणात पक्षकार नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या अर्जाला थोडी अधिक तयारी लागेल. वडिलांचा मृत्यूचा दाखला, स्वतःच्या विवाहाचा पुरावा, आणि निवृत्तिवेतन कार्यालयाने घटस्फोटाचा पुरावा मागितल्याचे पत्र यांसह प्रतिज्ञापत्र करून नक्कल कशासाठी हवी ते लिहावे. कार्यालयाने तोंडीच सांगितले असेल तर आधी त्यांच्याकडून लेखी घ्यावे. नक्कल का हवी, हे न्यायालयाला त्या पत्रावरून लगेच कळते. आई या दिवंगत पक्षकाराच्या विधवा आहेत आणि त्यांच्या उदरनिर्वाहाचा हा प्रश्न आहे. कुतूहलापोटी आलेला तिऱ्हाईत आणि त्या यांत न्यायालय निश्चितच फरक करते.

दिवाणी अभिलेखातले सगळेच कागद कायमचे ठेवले जात नाहीत. ठरलेल्या मुदतीनंतर साक्षी, अर्ज, किरकोळ कागद नियमानुसार नष्ट करता येतात, मात्र न्यायनिर्णय आणि हुकूमनामा त्यांच्यापेक्षा पुष्कळ अधिक काळ जपले जातात. म्हणून 'फाईल नष्ट झाली' असे उत्तर मिळाले तरी तेवढ्यावर परतू नये. हुकूमनामा वेगळा ठेवला आहे का, नोंदवहीत निकालाची नोंद आहे का, हे विचारावे आणि त्या नोंदीच्या उताऱ्याची नक्कल मागावी. काहीच उपलब्ध नसेल तर तसे लेखी द्यावे, अशी विनंती करावी. तो लेखी शेरा हाती असला की वडिलांच्या जुन्या सेवापुस्तकात जोडलेली झेरॉक्स किंवा पहिल्या पत्नीकडे असलेली प्रत दुय्यम पुरावा म्हणून पुढे करता येते. सेवापुस्तक तर मी सर्वांत आधी पाहायला सांगेन, कारण शासकीय सेवकाने दुसरा विवाह करताना कार्यालयाला कळवलेले असण्याची शक्यता मोठी असते आणि तो कागद नेमका त्याच कार्यालयात पडून असतो जे आज तुमच्याकडे पुरावा मागत आहे.

प्रश्न : मुलीसाठी एक स्थळ आले आहे. मुलगा घटस्फोटित आहे असे त्याच्या घरच्यांनी स्वतःहून सांगितले, पण कागद दाखवायला टाळाटाळ होते. आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज करून न्यायालयातून निकालाची प्रत मिळवू शकतो का?
— एक पालक, सहकारनगर

उत्तर : नाही. न्यायिक कामकाजातील कागदांच्या प्रती त्या न्यायालयाच्या नियमांनुसारच मागायच्या, त्यासाठी माहिती अधिकाराचा मार्ग वापरायचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाशी संबंधित प्रकरणात मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार ही प्रकरणे बंद दालनात चालतात आणि त्यांतील मजकूर छापणे किंवा प्रसिद्ध करणे हा एक हजार रुपयांपर्यंत दंडास पात्र असा अपराध आहे. दोन माणसांच्या संसारातील आरोप-प्रत्यारोप, आजारपणे, मुलांविषयीची बोलणी त्या फाईलमध्ये असतात. ती कोणालाही उघडून पाहता येऊ नये हे मला मनापासून योग्य वाटते, आणि उद्या तुमच्या मुलीच्या बाबतीतही तुम्हाला ते तसेच वाटेल.

तरीही तुमची काळजी रास्त आहे. नवरदेवाचा पहिला विवाह कायद्याने संपलेला नसेल तर दुसरा विवाह मुळातच रद्दबातल ठरतो, आणि त्याची झळ मुलीला बसते. म्हणून मागणी न्यायालयाकडे करू नका, मुलाकडे करा. त्याला स्वतःच्या हुकूमनाम्याची नक्कल कधीही काढता येते. घरात प्रत नसेल तर काढून आणायला सांगावे आणि तोवर तारीख ठरवू नये. संपूर्ण न्यायनिर्णय मागण्याची गरज नाही, हुकूमनामा पुरेसा आहे.

तो हातात आल्यावर वकिलाकडून वाचून घ्या, कारण घटस्फोट म्हणून दाखवले जाणारे सगळेच कागद घटस्फोटाचे नसतात. कलम १० चा न्यायिक विभक्ततेचा हुकूमनामा असेल तर विवाह कायम आहे. पोटगीचा आदेश किंवा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील दंडाधिकाऱ्यांचा आदेश असेल, तरीही विवाह कायम आहे. स्टॅम्पपेपरवर दोघांच्या सह्या घेऊन नोटरी केलेली 'सोडचिठ्ठी' किंवा 'फारकत' तर फारच वेळा दाखवली जाते. ज्या समाजात रूढीने काडीमोड मान्य आहे तिथे कायदा त्या रूढीला बाध आणत नाही, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. एरवी हिंदू विवाह नोटरीच्या सहीने मोडत नाही.

हुकूमनामा खरा असेल तर तो संमतीचा आहे की एकतर्फी, हे पाहावे. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसते. लढवलेल्या प्रकरणात हिंदू विवाह कायद्याने अपिलाची मुदत ९० दिवसांची ठेवली आहे, आणि ती संपून अपील झालेले नसेल किंवा झालेले अपील फेटाळले गेले असेल तरच पुनर्विवाह करता येतो. हुकूमनामा एकतर्फी असेल, म्हणजे पहिली पत्नी हजरच झाली नसेल, तर तो रद्द करून घेण्यासाठी तिने अर्ज केला आहे का, हे ई-कोर्ट्सवर आणि अपिलाबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर नावाने तपासता येते. एवढी चौकशी कोणाच्याही खासगी आयुष्यात डोकावल्याशिवाय करता येते.

प्रश्न : माझ्या भाच्याचा विवाह पुण्यात झाला आणि घटस्फोट अमेरिकेत, कॅलिफोर्नियात झाला. त्या निकालाची प्रत पुण्यातील न्यायालयातून मिळेल का? आणि ती इथे चालेल का?
— एक वाचक, औंध

उत्तर : पुण्यातून मिळणार नाही. अमेरिकेत घटस्फोट राज्याच्या न्यायालयात होतो आणि अभिलेख ज्या काउंटीत निकाल लागला तिथल्या न्यायालयाच्या लिपिकाकडे असतो. कॅलिफोर्नियात ते त्या काउंटीचे सुपिरियर कोर्ट. प्रमाणित प्रत तिथूनच घ्यावी आणि त्यावर त्या राज्याची अपोस्टिल मुद्रा, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात मान्य होणारी शासकीय मुद्रा, घ्यावी. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात असल्यामुळे पुढे दूतावासाच्या साक्षांकनाची वेगळी गरज राहत नाही. इथला हुकूमनामा परदेशात दाखवायचा असेल तर तीच मुद्रा आपले परराष्ट्र मंत्रालय देते, आणि निकाल मराठीत असल्यास प्रमाणित भाषांतर जोडावे लागते.

ती प्रत इथे चालेल का, हा मात्र अधिक गंभीर प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या नरसिंहराव प्रकरणातील निकालानुसार, ज्या कायद्याखाली विवाह झाला त्या कायद्यात नसलेल्या कारणावर परदेशी न्यायालयाने दिलेला घटस्फोट भारतात सामान्यतः मान्य होत नाही. मात्र दुसऱ्या पक्षाने त्या न्यायालयाचा अधिकार स्वेच्छेने मान्य करून प्रकरणात भाग घेतला असेल किंवा घटस्फोटाला संमती दिली असेल, तर तो मान्य होऊ शकतो. म्हणून भाच्याने केवळ निकालाची प्रत न आणता, पत्नी तिथे हजर राहिली होती किंवा तिने लेखी संमती दिली होती हे दाखवणारे कागदही त्याच लिपिकाकडून प्रमाणित करून आणावेत. पत्नीचा सहभाग कागदावर दिसत नसेल आणि ती आज संमतीस तयार असेल, तर पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात परस्परसंमतीचा अर्ज करून इथला हुकूमनामा घेणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे.